मॅरिगोल्डनं पाणी घेतलं

लॉरेलला आधी ते डेलियाचं फूल दिसलं. बाबांच्या शवपेटीवरच्या फुलचक्रातून निसटून ते मघाशी कोळशावर पडलं होतं. उचलून परत खोचू, असं तिनं मनात म्हटलंही होतं. आता वाकून बघते तर फूल कोळशावर नव्हतंच. कोळसा आणि नावेची बाजू यांच्यामधल्या फटीत ते तरंगत होतं आणि संथपणे स्वतःभोवती फिरत होतं.

लग्न होऊन, कॉव्हेंट्रीच्या पक्क्या घरात राहायला लागून तिला बरीच वर्षं झाली होती. पण शेवटी नाववाल्याची पोर. नावेच्या आत काही तरंगताना दिसलं की काय समजायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"एबल," ती हळूच म्हणाली. "इकडे ये. आईला ऐकू जाऊ देऊ नकोस."

थोरला भाऊ, नाव सोडून कारखान्यात लागलेला, पुढच्या टोकाला बसला होता, नवा काळा सूट घालून, कोळशाला अंग लागणार नाही असा आखडून. तो आला, वाकला, फूल बघितलं, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण दचकला मात्र नाही. लॉरेलला तेच विचित्र वाटलं. ज्याची वाट बघावी तो पाहुणा दारात आल्यावर माणूस बघतं, तसा तो त्या पाण्याकडे बघत होता.

"कधीपासून येतंय?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? मघाशी कोरडं होतं. एबल, बाबा आहेत इथे. बाबा आहेत रे."

आणि होतेच. कोळशाच्या ढिगावर आडव्या फळ्या टाकून त्यांच्यावर आयझॅक टस्टेन निजला होता. हॉक्सबरीहून ब्रॉन्स्टनच्या दफनभूमीकडे निघाला होता, आणि तिथे पाद्रीबुवा तिसऱ्या प्रहरी वाट बघत उभे राहणार होते.

आता कोळसा कशाला, असं कुणी विचारेल. एबलनंही विचारलं होतं. कोळसा ही त्याच्या आईची, केझायाची हौस. हौस कसली, हट्ट. आयझॅक हयातभर रिकाम्या नावेनं कुठे गेला नाही, तर शेवटचा जाईल तोही भरल्या नावेनंच, असं तिनं इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना, डोळे पुसायच्या आधीच सांगून टाकलं. पोचल्यावर तो कोळसा ब्रॉन्स्टनच्या म्हाताऱ्या नाववाल्या बायकांना वाटायचा. एबल म्हणाला, "आई, शोभतं का ते?" त्यावर आयझॅकची बहीण ट्राइफिना, पोरांची आत्या, तोंडातला पाइप न काढता म्हणाली, "तुझ्या बापाला कोळसा शोभतो, तुला गळ्यातला तो फडका शोभतो. ज्याचं त्याला." आज पहाटे खाणीच्या धक्क्यावर मॅरिगोल्ड भरली गेली, फूटभर खाली बसली, आणि सगळे म्हणाले, वा, आता कशी नाव दिसते.

फक्त भरायच्या आधी केझायानं एबलला विचारलं होतं, "बाजूंना पाणी मारत होतास ना?"

"हो."

"रोज?"

"रोज, आई."

तिनं विश्वास ठेवला. एकोणीसशे एकोणसाठचा तो उन्हाळा आठवा. जूनपासून आभाळातून टिपूस नाही. असल्या उन्हात लाकडी नाव रिकामी उभी राहिली की पाण्याच्या वरच्या फळ्या तापतात, आक्रसतात, सांधे उघडतात. म्हणून आमच्याकडे माणसाच्या तोंडात घास जायच्या आधी नावेच्या बाजूंवर कालव्याचं पाणी मारतात, आणि दिवस कलल्यावर परत मारतात. केझाया उन्हाळाभर इस्पितळाजवळ, लॉरेलच्या घरी राहत होती. मॅरिगोल्ड होती एबलच्या हवाली. परवा तिनं नाव पाहिली तेव्हा ती नुकतं डांबर दिलेली, काळीभोर, चकचकीत उभी होती. तिनं पोराच्या पाठीवर हात ठेवला होता.

पुढच्या नावेवर लॉरेलची बहीण रोझिना सुकाणूवर होती, आणि तिचा नवरा जॉस आत इंजिनाशी. दोघं कंपनीची इंजिनाची नाव चालवत. आज साहेबाकडून ती एका दिवसापुरती मागून आणली होती, मॅरिगोल्डला ओढायला. न्यूबोल्ड मागे पडल्यावर इंजिनाचा आवाज बदलला. रोझिनानं मागे वळून दोरी बघितली. दोरी सरळ ताणलेली होती, आणि दोरीच्या टोकाला आईची नाव नाक खाली घालून येत होती.

"जॉस, बंद कर."

"इथे? पुलाखाली?"

"बंद कर म्हणते ना."

जुन्या वळणाचा फाटा तिथून जवळच आहे. पूर्वी कालवा नागमोडी जायचा, तो सरळ केला तेव्हा मागे राहिलेला तुकडा. गाळ, लव्हाळे, आणि कमरेएवढं पाणी. दोन्ही नावा त्या तोंडाशी काठाला लागल्या. रोझिना उडी मारून मॅरिगोल्डवर आली. टस्टेनांच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात लवकर चिडणारी हीच. आली ती थेट बाजूच्या फळीपाशी गेली आणि नव्या डांबरात नख घातलं. डांबराचा पापुद्रा निघाला आणि मागे फट दिसली. नख पूर्ण आत गेलं.

"उन्हाळाभर हिला पाण्याचा थेंब लागलेला नाही," ती म्हणाली. "फटीत काथ्यासुद्धा भरला नाहीस. नुसतं वरून डांबर. मढ्याला पावडर फासतात तसं..."

आणि मग शेजारी कोण निजलंय ते आठवून तिनं जीभ चावली.

"कोण काय म्हणतंय?" मागून केझायाचा आवाज आला. ती सुकाणूचा दांडा धरून उभी होती. सकाळपासून नाव जड लागतेय, हे तिला हाताला कळत होतं. कोळसा आहे, असं ती समजत होती. मग आयझॅक आहे, असं समजत होती. पाणी उपसायच्या हातपंपाकडे तिनं बघितलंही नव्हतं, कारण पोरगा "रोज" म्हणाला होता. आता ती काठाकाठानं पुढे आली, तिनं तरंगतं फूल बघितलं, निघालेलं डांबर बघितलं, आणि शेवटी एबलकडे बघितलं.

"विसरलास?"

"हो," एबल म्हणाला.

"रोज विसरलास?"

एबलनं टोपी काढली. ती त्याच्या हातात फिरायला लागली. "नाही आई. विसरलो नाही. बाबांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"पाणी मारू नकोस म्हणाले. सुकू दे तिला म्हणाले."

लॉरेल आ वासून भावाकडे बघत राहिली. रोझिनाचं डांबर लागलेलं नख तसंच हवेत राहिलं. आत्यानं पाइप तोंडातून काढला, आणि असं ती जेवायला बसली तरच करत असे.

"मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलतोस," रोझिना म्हणाली. "बाबा? सरपण संपलं तेव्हा स्वतःची खुर्ची जाळली त्यांनी, नावेची एक फळी नाही जाळली. ते सांगतील, सुकू दे?"

"मला आधी वाटलं, तापात बोलतायत. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता, तरी तेच. म्हणाले, मॅरिगोल्ड तरंगतेय तोवर तुझी आई काही जमिनीवर यायची नाही. मी गेलो की एकटी दांड्यावर उभी राहील, आणि एक दिवस..."

"एक दिवस काय?" लॉरेलनं विचारलं.

एबल आईकडे बघत होता. परवानगी मागावी तसं. केझायानं ती दिली नाही, पण नकारही दिला नाही.

"फेब्रुवारीत हिलमॉर्टनच्या पाणदारांपाशी, नावा वरखाली करायच्या त्या दरवाज्यांपाशी, ही चक्कर येऊन पडली. पाण्यात. दारं उघडत होती. बाबांनी केसांना धरून ओढलं म्हणून वाचली. त्याआधी दोनदा नावेतच पडली होती. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती हिनं त्यांना."

रोझिना कोळशावर मटकन बसली. "आई?"

"थंडी होती," केझाया म्हणाली.

"तिन्ही वेळा थंडी?"

"माझ्याच सुरात मला दरडावू नकोस."

जॉस इंजिन सोडून काठावर येऊन उभा होता. जावईमाणूस, शब्द मोजून वापरणारा. तो म्हणाला, "भांडायचं तर ब्रॉन्स्टनला पोचून भांडा. आधी कोळसा काठावर टाकू. नाव हलकी झाली की वर येईल, फटी पाण्याच्या वर जातील. पंप मारत मारत पोचू कसेबसे. पुढचं पुढे." आणि तो फावडी आणायला गेला.

"आणि पुढे काय?" आत्या ट्राइफिना म्हणाली. "सोमवारी एबल्या कुऱ्हाडवाला बोलावणार, नाव फोडायला. ठरलंय ना रे?"

"मी कुणाला बोलावलेलं नाही."

"नाव गळकी निघाली की तो आपणहून येतो. गिधाडाला कोण बोलावतं?"

"आत्या, तू जरा थांब." रोझिना उठली. सकाळी याच रोझिनानं एबलला तोंडावर सांगितलं होतं, आईला नावेवरून हलवायची भाषा काढलीस तर कालव्यात ढकलीन. आता ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "एबलनं लपवलं ते वाईटच. पण आई, तू पाण्यात पडलीस आणि मला सांगितलं नाहीस. त्यानंतर महिनाभर माझी नाव तुझ्या मागेपुढे होती. वाटेत तुला भेटले, चहा प्यायले, आणि तू गप्प. बाबांना दुसरं काय सुचणार होतं? तू एबलच्या घरी जा. मीच सांगते आता."

"सांग ना," लॉरेल म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की काठावरचं बदक उडालं. "सगळे मिळून सांगा. मीसुद्धा तेच म्हणत होते, घर आहे, नळ आहे, पलंग आहे. उन्हाळाभर होती माझ्याकडे. त्या पलंगावर एक दिवस झोपली नाही. जिन्याखाली केरसुण्या ठेवायची खोपटी आहे ना, ती रिकामी केली आणि तिथे पाय पोटाशी घेऊन झोपायची. का, तर नावेच्या खोलीएवढी आहे म्हणून. मी नवऱ्याला काय सांगायची माहितेय? आईच्या कंबरेला कडक जमीन लागते. तिला न विचारता तिचं घर तिच्या पाठीमागे वाळवून मारायचं, आणि वर मायेचं नाव द्यायचं. ते बाबा असले तरी चुकलेच."

पेटीसमोर असं बोलल्याबद्दल तिला कुणी रागावलं नाही. सगळ्यांचीच डोकी सुन्न झाली होती. पाणी मात्र थांबलं नव्हतं. फूल आता फटीतून बाहेर येऊन कोळशाच्या कडेला लागलं होतं.

केझाया पेटीच्या पायथ्याशी उभी होती. तिला कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तिला इस्पितळ आठवत होतं. रोज संध्याकाळी ती आयझॅकच्या उशाशी बसायची, आणि तो विचारायचा, मॅरिगोल्ड कशी आहे? ती म्हणायची, एबल बघतोय. तो म्हणायचा, बघेल, बघेल. तिचा हात हातात घेऊन म्हणायचा. म्हणजे त्या वेळी त्याला माहीत होतं. हात धरून ठेवत होता आणि माहीत होतं. नवरा गेला तेव्हा ती रडली होती, पण हे त्याहून वेगळं होतं. गेलेल्या माणसानं उठून कानफटात मारावी तसं.

जॉस दोन फावडी घेऊन आला. एक एबलनं घेतलं, सुटाची बाही वर केली.

"ठेव ते," केझाया म्हणाली.

"आई, वेळ नाही."

"कोळसा काढायचा नाही. पेटी जॉसच्या नावेवर घ्या. मग मॅरिगोल्डला फाट्यात ढकला, पार आत, लव्हाळ्यापर्यंत. पंपाला कुणी हात लावायचा नाही."

"आई, बुडेल ती," रोझिना म्हणाली.

"बुडू दे. नीट बुडू दे. वजन आहे तर तळाला बसेल, वरच्या फळीपर्यंत पाणी पिईल. लाकूडच आहे ते. पाणी मिळालं की फुगेल, सांधे जुळतील. मग उपसायची. याहून वाईट सुकलेल्या नावा आल्यात वर."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे कुणालाही विचारा, सुकलेली नाव बुडवूनच वाचवतात. पण बुडवतात त्या अडगळीतल्या, कुणी न राहणाऱ्या. चुलीत विस्तव आहे, वर किटली आहे, अंथरूण घातलेलं आहे, असलं नांदतं घर कुणी स्वतःच्या हातानं बुडवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. एबलनं फावडं खाली ठेवलं, पण ते ठेवताना त्याला ते कुठे ठेवतोय याचं भान नव्हतं. ते पाण्यात गेलं.

मॅरिगोल्डच्या बाजूला जॉसची नाव आणली आणि पेटी फळ्यांवरून सरकवून घेतली. चौघांनी धरली, आत्यानं पायथ्याशी हात लावला. जॉसची नाव रिकामी होती. जॉसनं कुणी न सांगता मॅरिगोल्डवरचा थोडा कोळसा दुसऱ्या फावड्यानं आपल्या नावेत टाकला आणि म्हणाला, "रिकामी नको." केझायानं मान हलवली.

मग ती आपल्या खोलीत उतरली. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं दारात थांबायचं, एवढीच ती खोली. तिथे तिची चारही बाळंतपणं झाली, त्यातलं एक मूल गेलं तेही तिथेच. ती एकेक वस्तू वर द्यायला लागली आणि एबल घ्यायला उभा राहिला. जाळीच्या कडेच्या बशा. पितळी गोळे. क्रोशाचा पडदा. फुलं रंगवलेला पाण्याचा डबा. घड्याळ. पिसांची गादी. गादी घेताना एबलला राहवलं नाही, त्यात तोंड खुपसून तो रडला, नव्या सुटाला पिसं चिकटली.

"रडायचं ते कोरड्यात रड," खालून आई म्हणाली. "गादी भिजवू नकोस."

शेवटी तिनं किटलीतलं पाणी चुलीवर ओतलं. वाफेचा फुत्कार झाला, धुरांड्यातून पांढरा लोट गेला. ती वर आली तेव्हा तिच्या बुटांतून पाणी निघत होतं. तिनं दार ओढून घेतलं, कडी लावली. मग सगळ्यांनी मिळून मॅरिगोल्ड फाट्यात, लव्हाळ्यापर्यंत ढकलली.

नाव बुडायला वेळ लागतो. पुढचं टोक आधी गेलं, मग मधला भाग, कोळशातून बुडबुडे आले, आणि मग तळ गाळाला लागल्याचा एक मऊ धक्का काठापर्यंत जाणवला. खोलीचं छप्पर आणि सुकाणूचं वरचं टोक तेवढं पाण्याबाहेर राहिलं. लॉरेल हुंदके देत होती. रोझिना नुसती बघत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"केझाया," आत्या हळू आवाजात म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. "सुकलेली नाव भिजून परत येते, हे आयझॅकला ठाऊक नव्हतं होय?"

"ठाऊक होतं. मला त्यानंच शिकवलं."

"मग पोराला असं अर्धवट का सांगितलं? त्याला वाटलं असेल, तू करशीलच हे?"

"मला काय माहीत काय वाटलं असेल. हे त्यानं मला सांगायला हवं होतं. पडते आहेस, भीती वाटते, नाव सोड, असं माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी भांडले असते. जन्मभर भांडलोच की. पण एबलला सांगितलं." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी चिडलेय त्याच्यावर, ट्राइफिना. आज त्याला पुरणार आहे, पण चिडलेलीच पुरणार आहे."

आत्यानं वहिनीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग जॉसनं इंजिन सुरू केलं. केझाया चालत मागच्या टोकाला गेली आणि सुकाणूच्या दांड्याला हात घातला. रोझिना आडवी आली.

"नाही आई. पुढे हिलमॉर्टन आहे."

"सरक."

"आत्ताच कळलंय मला. अजून श्वास जागेवर आला नाही. नाही सरकणार."

"सरक, रोझ," एबल म्हणाला.

त्यानं बहिणीला बाजूला केलं. मग तो आईच्या मागे, त्या अरुंद जागेत, बूट आडवे रोवून उभा राहिला, आणि तिच्या काळ्या कोटाचा पट्टा पाठीमागून मुठीत धरला. लहान पोरांना चालत्या नावेवर असंच धरतात. रोझिनाला वाटलं, आता आई उलटून एक ठेवून देणार. केझाया ताठ झाली. वळून बघितलं नाही. तिनं दांडा ढकलला, नाव काठापासून सुटली, आणि पाण्याबाहेर राहिलेलं ते छप्पर मागे मागे जायला लागलं.

बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "कारखान्यात कळव, पुढचा आठवडा येणार नाहीस. उपसायला माणूस लागेल."

"कळवतो."

"मग परत जा कामावर."

"आणि मग तू पडलीस तर?"

"पडेन तेव्हा बघू."

पट्ट्याचा अजून एक वेढा एबलनं मुठीभोवती घेतला. तिला तो जाणवला. तिनं पाय किंचित फाकवून त्याच्या बुटांना टेकवले, आणि समोर बघत राहिली.